मनीऑर्डर, खडी आणि सोनं : विट्याकडच्या घरांनी पडता काळ कसा काढला

मंडळी, आर्थिक अरिष्टाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण लगेच मुंबई-दिल्लीचे आकडे काढतो. घाऊक किमती किती चढल्या, तेल किती महागलं, सरकारच्या तिजोरीत काय उरलं. हे आकडे लागतात, आज आम्हीही काही देणार आहोत. पण खानापूर तालुक्यातल्या एखाद्या घराला देशाची अर्थव्यवस्था कोसळल्याचं कळायचं ते वर्तमानपत्रातून नव्हे. बाजारात ज्वारीला काय भाव फुटला, पोस्टमन आला की नाही आला, आणि कडब्याच्या पेंढीला काय मोजावं लागलं, यावरून ते कळायचं. म्हणून आज आपण तिथूनच बघू.

आधी जागा समजून घेऊ. महाबळेश्वरला पावसाचे पाच-सहा हजार मिलिमीटर सहज होतात. तिथून पूर्वेला शे-सव्वाशे किलोमीटरवर विटा आहे, आणि इथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. इंग्रजी अमलात हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याचं नाव सांगली झालं, पण कृष्णाकाठचा ऊस आणि आमच्याकडचा माळ एकाच जिल्ह्यात असून दोन वेगळे देश राहिले. पलीकडे आटपाडी, पुढे माण. तो सगळा माणदेशी पट्टा, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेला.

या पट्ट्यात टंचाई नवी नाही. पण टंचाई एक, आणि देशभरच्या अरिष्टाची लाट टंचाईवर येऊन आदळणं वेगळं. विसाव्या शतकात असं निदान तीनदा झालं. पहिलं आपण लवकर उरकू, कारण ते बघितल्याशिवाय दुसरं नीट कळत नाही.

१९२९ च्या शेवटी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी आली. आपल्याकडे तिचं रूप काय होतं? रानात पीक होतं, पण पिकाला भाव नव्हता. शेतमालाच्या किमती दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आल्या. आता हिशेब करून बघा. समजा एका कुळाने शंभर रुपये कर्ज काढलं तेव्हा ज्वारी चार रुपये मण होती. म्हणजे डोक्यावर पंचवीस मणांचा बोजा. भाव दोन रुपयांवर आला की तेच शंभर रुपये पन्नास मणांचे झाले. व्याज वेगळंच. सावकाराने काही न करताच कर्ज दुप्पट झालं. शेतसारा मात्र रोकडीत आणि ठरल्या रकमेत भरायचा. कणगीत ज्वारी आहे पण हातात दमडी नाही, अशी ती अवस्था.

मग रोकड आली कुठून? घरातल्या सोन्यातून. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली सांगड तोडली. रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे रुपयांतला सोन्याचा भाव तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास होता तो तिशीपार गेला. सगळं उतरलेलं असताना एकच वस्तू महाग झाली होती, आणि ती घराघरांत होती. पुढच्या काही वर्षांत मुंबई बंदरातून सुमारे तीनशे कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. सरकारी कागदांत ही 'सोन्याची निर्यात' आहे. गावात ती पाटल्या, पुतळ्या आणि वज्रटीक होती. काहीजण म्हणतात की लोकांनी चढ्या भावाचा फायदा घेतला. शहरातल्या व्यापाऱ्याने घेतला असेल. पण साऱ्याच्या तगाद्यापायी सासूच्या पाटल्या मोडणाऱ्या घराला फायदा झाला असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. १९३९ साली मुंबई सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला, पण तो गावोगाव पोचायला बराच वेळ गेला. तोवर जमिनी फिरल्या होत्या. १९४३ नंतर याच भागात प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा सावकारावरचा लोकांचा राग आयता तयार होता, त्याचं एक मूळ इथे आहे.

आता मुख्य गोष्ट. १९७२.

हा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. १९७० पासून पाऊस दगा देत होता. १९७२ चा पावसाळा गेला तोवर बियाणंसुद्धा खाऊन झालं होतं. त्या वर्षी राज्याचं धान्य नेहमीच्या निम्म्याहूनही कमी आलं. म्हणजे मंदीच्या नेमकं उलट. तेव्हा धान्य होतं, पैसा नव्हता. आता सरकारी कामावर जाऊन चार पैसे मिळत होते, पण बाजारात धान्यच नव्हतं. आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेलाचा भाव चौपट केला. १९७३-७४ मध्ये घाऊक किमती वीस टक्क्यांनी चढल्या, पुढच्या वर्षी पंचवीस टक्क्यांच्या आसपास. सरकारने १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार हातात घेऊन बघितला, तो डाव फसला आणि वर्षभरात सोडून द्यावा लागला. आमच्याकडची माणसं दुष्काळातून मान वर काढत होती तोच महागाईने ती परत दाबली. लोक आजही या दोन गोष्टी एकत्रच सांगतात. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, पण गोष्ट तीन-चार वर्षांची असते.

घरांनी काय केलं, ते साधारण कोणत्या क्रमाने केलं, हे बघण्यासारखं आहे. आधी ताट बदललं. ज्वारीची भाकरी गेली, कण्या आल्या, हुलग्याचं माडगं आलं. रानातली तांदुळजा, चिगळ, घोळ ही पावसाबरोबर येणारी भाजी, तीही जिथे ओल होती तिथेच. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, मिलो. आपल्याकडच्या गुरांनासुद्धा ती रुचत नाही असं लोक म्हणायचे, पण रांगा मिलोसाठीच लागायच्या. मग जनावरं. खिल्लार बैल म्हणजे या भागाचा अभिमान, खरसुंडीचा बाजार त्यासाठीच नावाजलेला. पण कडबा नसेल तर बैल दावणीला उभा राहून झडतो. विकायला काढला तर सगळेच विकायला काढलेले, घेणारा कोण? पडेल त्या भावात दिला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. लोक भूक लागली म्हणून लगेच बैल विकत नव्हते. आधी स्वतःचं पोट आवळत होते. कारण पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि बैल नसला तर रान नांगरणार कशाने? जमीन तर अगदी शेवटी. भांडं, दागिना, शेळी, बैल आणि मग जमीन, असा उतरता जिना होता आणि प्रत्येक पायरीवर घर जमेल तितका वेळ थांबायचं. दुष्काळ संपल्यावर कोण सावरलं आणि कोण नाही, हे कोण कितव्या पायरीपर्यंत उतरलं होतं त्यावर ठरलं.

ज्याला मुळात जमीनच नव्हती त्याला हा जिनाही नव्हता. गावकुसाबाहेरच्या घरांना विकायला काही नाही, गहाण ठेवायला काही नाही, आणि पाण्याच्या टँकरपाशीही सगळीकडे एकच रांग नव्हती. 'दुष्काळात सगळे सारखे झाले' असं वाक्य आपण फार ऐकतो. कामावर खडी फोडताना झाले असतील. कामावरून घरी आल्यावर नाही.

आता काम. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि खडी. मे १९७३ मध्ये राज्यात एकावेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. एवढी माणसं रोज सकाळी घरातून निघून मातीत आणि दगडात राबत होती, आणि त्यांतल्या फार मोठ्या वाट्याच्या बाया होत्या. ज्या घरांतल्या बायका कधी परक्याच्या बांधावर गेल्या नव्हत्या त्या पदर खोचून घमेलं उचलायला आल्या. पाटलाची सून आणि गड्याची बायको एका मस्टरवर. मजुरी मापावर. खोदलेल्या चौकड्या मोजायच्या, फोडलेल्या खडीचे ढीग मोजायचे. माणशी दिवसाला दोन-तीन रुपये सुटायचे, तेही आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. माप घेणाऱ्याच्या टेपवर कितीजणांची संध्याकाळ अवलंबून असायची. तान्ही मुलं लिंबाच्या झोळीत. मुलांना आणि मजुरांना सुकडी मिळायची. तिची चव त्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. कुणी आवडीने सांगतं, कुणी तोंड वाकडं करून.

त्या खडीचं पुढे काय झालं? पुष्कळ ठिकाणी ती रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून राहिली. त्यावरून टिंगलही झाली की सरकारने दगड फोडायला लावले. टिंगल अगदीच खोटी नाही. पण १८७६-७८ च्या दुष्काळात याच दख्खनमध्ये लाखोंनी माणसं मेली, आणि १९७२-७३ मध्ये तसं झालं नाही, हा फरक त्या खडीच्या ढिगांनी आणि त्यामागच्या मजुरीने केला. हातात थोडी का होईना रोकड असली की व्यापारी धान्य आणतो, ही गोष्ट तेव्हा दिसली.

आणि ही कल्पना मुळात आमच्या शेजारची आहे, हे सांगायला हवं. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यायचं, हा प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमाराला तासगाव तालुक्यातच करून बघितला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात त्याची रोजगार हमी योजना झाली. १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला तो या योजनेला पैसा पुरवायला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याची ही आजी म्हणायची. तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांच्या पगारातून आजही जो व्यवसाय कर कापला जातो, त्याची सुरुवात या दुष्काळाच्या आठवणीत आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं.

पण दुष्काळी कामाची मजुरी घराला पुरत नव्हती. खरा आधार पोस्टातून यायचा. या भागातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीतली माणसं मुंबईला गिरणीत. लालबाग, परळ, वरळीला गावाची म्हणून एक खोली असायची. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गडी. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून सगळे एकावेळी झोपायचे नाहीत, एवढंच काय ते बरं. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. आणि पगार झाला की मनीऑर्डर. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची. 'आईचं औषध आणणे. बैल विकू नये.' अशा धर्तीची त्या काळातली सगळी आर्थिक धोरणं त्या दोन ओळींत मावायची. बैल ठेवायचा की काढायचा, पोराला शाळेत ठेवायचं की कामावर धाडायचं, याचे निर्णय चारशे किलोमीटर लांबून होत होते, आणि ते निभावायची जबाबदारी गावातल्या बाईवर.

मुंबईतही सुख नव्हतं. महागाईने तिकडचा पगारही खाल्ला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या त्या याच दिवसांत. १९७३-७४ च्या गिरणी संपात पगार थांबले, पण खानावळवाल्या बायकांनी संपकऱ्यांचं जेवण थांबवलं नाही. उधारीवर घातलं आणि स्वतः कर्जात गेल्या. त्यातूनच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. आमच्या भागातला गडी मुंबईत तगला तो या बायकांच्या उधारीवर, हे गावाकडच्या आठवणींत फारसं येत नाही. यायला हवं.

आता तिसरी लाट. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप सुरू केला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. महिने गेले, वर्ष गेलं. मनीऑर्डर बंद झाली. नुसती बंद झाली नाही, मनीऑर्डर पाठवणाराच एसटीतून उतरून दारात उभा राहिला. १९७२ मध्ये मुंबईने गाव जगवलं होतं. दहा वर्षांनी गावावर मुंबईला जगवायची पाळी आली, आणि त्यातच पाऊस पुन्हा रुसला होता.

इथे खानापूर तालुक्यात काही वेगळं घडलं. परत आलेले हे गडी नुसते बेकार नव्हते. त्यांना युनियन माहीत होती, मोर्चा माहीत होता, साहेबाशी कसं बोलायचं ते माहीत होतं. ते रोजगार हमीच्या कामावर गेले आणि तिथे मापाबद्दल, मजुरीबद्दल, उशिराबद्दल बोलू लागले. त्यातून भारत पाटणकर आणि सहकाऱ्यांची मुक्ती संघर्ष चळवळ या तालुक्यात उभी राहिली. लवकरच त्यांचा प्रश्न बदलला. पुन्हा पुन्हा खडीच का फोडायची? दुष्काळ हटेल असं काम का नाही? येरळा नदी कोरडी का पडली? नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते, आणि वाळू गेली की पाणी धरून ठेवायला पात्रात काही उरत नाही. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर स्वतःचं धरण बांधायचं ठरवलं आणि खर्चासाठी त्याच नदीतली थोडी वाळू आपण विकायची असं ठरवलं. सरकारी परवानगीसाठी भांडावं लागलं. श्रमदान झालं, बाहेरून विद्यार्थी येऊन राबले, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बळीराजा धरण उभं राहिलं. पाणी माणसागणिक वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, हा त्यातला आग्रह होता. धरण लहान आहे, त्याने तालुका हिरवा झाला नाही. पण १९७२ मध्ये मस्टरवर अंगठा देणाऱ्या पिढीचं पुढचं पाऊल कुठे पडलं ते त्यात दिसतं. पुढे कृष्णेचं पाणी उचलून या तालुक्यांना द्यावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा आटपाडीला भरू लागल्या, त्याची कहाणी वेगळी आणि लांब आहे.

आणि आता सोनं. मंदीत या देशातल्या घरांतलं सोनं बाहेर गेलं, हे आपण बघितलं. दुष्काळाच्या दिवसांत उलट झालं. आमच्या भागातली पोरंच सोन्याच्या मागे गेली. गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ इथली माणसं आज केरळपासून बिहारपर्यंत कुठल्याही सराफी पेठेत सापडतात. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून सोनं-चांदी वेगळं करायचं, कस काढायचा. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा धुवून तिच्यातले कण काढायचे. याला ना जमीन लागते ना मोठं भांडवल, एक भट्टी, मूस आणि विश्वास लागतो. विश्वास सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून नात्यातला माणूस नात्यातल्या पोराला घेऊन जातो. दुष्काळात घरटी एक पोर असं लांब गेलं. १९७२ मध्ये दहा ग्रॅमला दोनशे रुपयांच्या आसपास असलेलं सोनं १९७४ मध्ये पाचशेवर गेलं. एकीकडे हाच भाव बघून घरोघरचे दागिने मोडीत निघत होते आणि दुसरीकडे ते वितळवणारे हात आमच्या माळावरचे होते. गलाईच्या पैशातून विट्याकडे बंगले झाले, विहिरी झाल्या, देवळं झाली, हे खरं. तेजाबाच्या वाफेत कोंडलेल्या खोलीत चौदा-पंधरा वर्षांचं पोर वर्षानुवर्षं बसलं, त्याची शाळा सुटली ती सुटलीच, हेही तितकंच खरं. यशोगाथा सांगताना आपण दुसरं वाक्य गाळतो.

माणसं चिवट आहेत, जिद्दी आहेत, असं कौतुक आमच्या भागाचं फार होतं. पण चिवटपणाचा खर्च कुणीतरी भरतच असतं. बहुतेक वेळा तो घरातल्या बाईने भरला. ती शेवटी जेवली, तिचा दागिना आधी गेला, कामावरून येऊन पाणी तिनेच आणलं, आणि मुलाला शाळेत ठेवायचं म्हणून मुलीला घरी ठेवलं गेलं. यातलं काही कुठल्या सरकारी आकड्यात नाही.

एक विनंती करून थांबतो, मग प्रश्न घेऊ. घरातल्या जुन्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्या, रेशनकार्डं, दुष्काळी कामाचे कागद अजून असतील. गेल्या काही वर्षांत घरं पाडून नवी बांधताना अशी पोतीच्या पोती जाळलेली आम्ही बघितली आहेत. जाळू नका. आणि घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिला या दिवाळीत एवढंच विचारा, बहात्तर साली तुझं काय काय मोडलं आणि त्यातलं परत काय केलं. ती सांगेल ते लिहून ठेवा, तारीख घालून.